ॲल्युमिना एरोजेल: वाळवण्याआधी ठरवायच्या गोष्टी

प्रकल्पासाठी एरोजेलसारखं अतिहलकं सच्छिद्र ऑक्साइड करायचं ठरलं की विद्यार्थी बहुधा कृतीपासून सुरुवात करतात: कोणता क्षार घ्यायचा, किती ढवळायचं, भट्टी किती तापवायची. माझ्या मते पहिली बैठक कागद-पेन्सिल घेऊन व्हावी आणि तीत एकच हिशेब करावा. बाजारात मिळणाऱ्या सक्रिय ॲल्युमिनाच्या गोळ्या एक लिटर नळीत भरल्या तर साधारण ७०० ग्रॅम मावतात. त्यांचं पृष्ठफळ ग्रॅमला २५० चौरस मीटर धरलं तर त्या लिटरभर जागेत पावणेदोन लाख चौरस मीटर पृष्ठभाग आला. आता तीच नळी घन सेंटीमीटरला ०.०५ ग्रॅम घनतेच्या एरोजेलनं भरा. मावतं ५० ग्रॅम. ग्रॅमला ६०० चौरस मीटर असं देखणं पृष्ठफळ असलं तरी एकूण भरतात तीस हजार. म्हणजे तेवढ्याच जागेत एरोजेलकडे गोळ्यांच्या सहाव्या हिश्श्याएवढा पृष्ठभाग.

यावरून एरोजेल निरुपयोगी ठरत नाही. पण ‘हलकं आहे, म्हणून चांगलं अधिशोषक’ एवढ्या भांडवलावर प्रकल्प उभा राहत नाही, हे मात्र दिसतं. हलकेपणाची किंमत वाळवताना मोजावी लागते आणि ती भरमसाट असते. ती कुठे वसूल होते, हे आधी ठरवायला हवं.

पाण्यातल्या कामात ती सहसा वसूल होत नाही. आपल्याकडचं नेहमीचं उदाहरण फ्लोराइडचं. चंद्रपूर, यवतमाळ भागातल्या काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे आणि ॲल्युमिना ते पकडतं, म्हणून ‘ॲल्युमिना एरोजेलनं फ्लोराइड काढणे’ हा विषय सुचतो. पण एरोजेल पाण्यात टाकलं की पाणी त्याच्या बारीक छिद्रांत घुसतं आणि जो सांगाडा एवढ्या निगुतीनं वाचवला तो तडकतो, चुरा होतो. पुन्हा वापरायला वाळवलात तर उरलासुरलाही आखडतो. नागपूरच्या नीरी संस्थेची नलगोंडा पद्धत पाहा. तीत तुरटी आणि चुना पाण्यातच ढवळतात, ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा ताजा साका तयार होतो आणि फ्लोराइड त्याच्याबरोबर खाली बसतं. साका वाळवण्याच्या भानगडीत कुणी पडत नाही. तुमचं काम पाण्यातलंच असेल तर जेल ओलंच वापरा, किंवा साधं हवेत वाळलेलं घ्या. पीएच ५ ते ६ च्या आसपास ठेवा, आणि प्रयोगशाळेतल्या शुद्ध पाण्याबरोबरच बायकार्बोनेट असलेल्या खऱ्या विहिरीच्या पाण्यावरही चाचणी घ्या, कारण तिथे आकडे घसरतात. पिण्याच्या पाण्यासाठी खाली दिलेली इपॉक्साइडची पद्धत वापरूच नका. तीत तयार होणारी क्लोरोप्रोपॅनॉलं विषारी आहेत.

एरोजेलचा खरा उपयोग वायूंच्या कामात. रेणूंना छिद्रांतून आत जायला आणि तयार झालेल्या पदार्थाला बाहेर यायला मोकळी वाट हवी असते. नेहमीच्या गोळीच्या पोटातला बराचसा भाग जलद अभिक्रियेत रिकामाच बसतो, कारण तिथवर कुणी पोचतच नाही. एरोजेलची छिद्रं मोठी आणि एकमेकांना जोडलेली, त्यामुळे ही अडचण कमी. कॅन्सस स्टेट विद्यापीठात केनेथ क्लाबुंडे यांच्या गटानं याच धर्तीवर ऑटोक्लेव्हमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइड तयार केलं. ते घातक रसायनांच्या वाफा नुसत्या पकडत नाही, त्यांचे रेणू मोडतं. तिथे प्रत्येक कण अभिक्रियेत खर्ची पडतो, त्यामुळे कण लहान आणि मोकळे असणं ही चैन राहत नाही.

तर मग वाळवण्यात एवढं अवघड काय? जेलच्या छिद्रात द्रव असतो. तो उडून जाऊ लागला की छिद्राच्या तोंडाशी त्याचा अंतर्वक्र पृष्ठभाग तयार होतो आणि तो भिंती आत ओढतो. हा ताण मोजता येतो: पृष्ठताणाची दुप्पट, भागिले छिद्राची त्रिज्या. पाण्याचा पृष्ठताण मीटरला ७२ मिलिन्यूटन आणि छिद्राची त्रिज्या ५ नॅनोमीटर धरली तर उत्तर येतं जवळजवळ २९ मेगापास्कल, म्हणजे २८० हून अधिक वायुदाब. इथेनॉलचा पृष्ठताण २२. तिथेही ८७ वायुदाब उरतातच. काही नॅनोमीटर जाडीच्या भिंती हे सोसत नाहीत. पावसात भिजलेल्या पुस्तकाची पानं वाळताना जशी एकमेकांना चिकटून बसतात, तशा त्या चिकटतात आणि मग कशानंही सुटत नाहीत, कारण चिकटलेल्या जागी हायड्रॉक्सिल गटांमध्ये नवे बंध तयार झालेले असतात.

सॅम्युएल किस्लर यांनी १९३१ मध्ये यावर तोडगा काढला. द्रव आणि वायू यांतला फरकच मिटेल एवढ्या दाब-तापमानाला न्यायचं, म्हणजे वक्र पृष्ठभाग उरत नाही आणि ओढही उरत नाही. त्यांनी सिलिकाबरोबर ॲल्युमिना, लोह आणि कथील यांच्या ऑक्साइडांची एरोजेलं केली. इतकंच काय, अंड्याच्या पांढऱ्या बलकाचंसुद्धा केलं. आजही मूळ युक्ती तीच आहे.

आता कृती. धातूच्या अल्कॉक्साइडपासून जेल करायचा जुना रस्ता आहे, पण अल्कॉक्साइडं महाग, आणि कोकणातल्या किंवा मुंबईतल्या जुलैच्या हवेत बाटली उघडली की बिघडायला लागतात. त्यापेक्षा साध्या क्षारापासून प्रॉपिलीन ऑक्साइड हे इपॉक्साइड वापरून जेल करणं सोयीचं. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत अलेक्झांडर गॅश आणि सहकाऱ्यांनी २००१ च्या सुमारास ही पद्धत लोहाच्या क्षारांसाठी मांडली. २००५ मध्ये तिथूनच ती ॲल्युमिनासाठी प्रसिद्ध झाली.

तिचं मर्म समजून घेतलं तर निम्म्या चुका टळतात. ॲल्युमिनियम क्लोराइडच्या द्रावणात अमोनिया ओतला तर थेंब पडला त्या जागी पीएच एकदम चढतो आणि गुठळ्या होतात. प्रॉपिलीन ऑक्साइड आम्ल असं एकदम मारत नाही. ते पाण्यानं वेढलेल्या ॲल्युमिनियम आयनाकडून एक प्रोटॉन घेतं, मग त्याचं वलय क्लोराइडच्या हल्ल्यानं उघडतं आणि तो प्रोटॉन परत येत नाही. हे सगळ्या द्रावणात एकाच वेळी, सावकाश चालतं. म्हणून साका खाली न बसता सलग जाळं उभं राहतं.

प्रमाण असं: ॲल्युमिनियम क्लोराइड हेक्साहायड्रेट २.९६ ग्रॅम, १० मिली पाणी आणि १० मिली इथेनॉल, आणि प्रॉपिलीन ऑक्साइड ७.८६ ग्रॅम, म्हणजे सुमारे साडेनऊ मिली. रेणूंच्या हिशेबात एका ॲल्युमिनियममागे अकरा इपॉक्साइड. हा क्षार हवेतली आर्द्रता ओढून ओला होतो, त्यामुळे पावसाळ्यात उघड्या बाटलीतला क्षार तोलू नका. तोललेल्या वजनात पाणी किती आणि क्षार किती हे मग कुणालाच सांगता येत नाही. निर्जल इथेनॉलसाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो आणि तो अनेक महाविद्यालयांकडे नसतो. अशा वेळी आयसोप्रोपॅनॉलवर काम होतं, मात्र जेल होण्याचा वेळ आणि पोत बदलतो. प्रमाण पुन्हा बसवावं लागतं.

प्रॉपिलीन ऑक्साइडशी खेळ नको. ते ३४ अंश सेल्सिअसला उकळतं, म्हणजे नागपूरच्या मे महिन्यात बाटली टेबलावर ठेवली तरी आतला द्रव उकळबिंदूच्या पलीकडे असतो. वाफ चटकन पेटते, आणि कर्करोगाचा संशय असलेल्या रसायनांत त्याचं नाव आहे. घरगुती फ्रिजमध्ये ठेवू नका. आतल्या स्विचची ठिणगीही पुरे. काम सगळं धुराड्याच्या कपाटात. क्षाराचं द्रावण बर्फाच्या भांड्यात गार करून घ्या, मग थोडं थोडं ओता, कारण अभिक्रियेत उष्णता सुटते. घाईनं एकदम ओतलंत तर द्रावण फसफसून वर येईल आणि तुमचं अकरास एक प्रमाण वाफेबरोबर उडून जाईल. सुरुवातीला झाकण सैल ठेवा, उकळी बसल्यावर घट्ट करा.

साच्यासाठी इंजेक्शनच्या सिरिंज उत्तम. सुईकडचं टोक ब्लेडनं कापायचं, दट्ट्या मागे ओढून नळीत द्रावण भरायचं आणि उघडं तोंड पॅराफिल्मनं बंद करायचं. जेल धरल्यावर दट्ट्या हलकेच पुढे ढकलला की सुबक दंडगोल बाहेर येतो. नळी पॉलिप्रॉपिलीनची असते, तिला काही होत नाही. पॉलिस्टायरीनचे पारदर्शक डबे मात्र इपॉक्साइडमध्ये विरघळायला लागतात. दट्ट्याचं रबर फुगतं, म्हणून रात्रभर तसंच ठेवायचं नाही. जेल धरलं की नाही हे नळी तिरकी करून कळतं. पण वाहायचं थांबलं म्हणजे जाळं पक्कं झालं असं नव्हे. बंद डब्यात एक-दोन दिवस मुरू द्या. या काळात सांधे जाड होतात आणि पुढचा ताण सोसायची ताकद येते. क्लोराइडपासून झालेल्या जाळ्यात छद्म-बोहेमाइटचे तंतू आणि पापुद्रे असतात, नायट्रेटपासून झालेल्यात गोल कणांच्या माळा. तंतूंचं जाळं अधिक बळकट निघतं, म्हणून क्लोराइडनंच सुरुवात करा.

एवढ्या सगळ्यातून पदरात काय पडतं? २.९६ ग्रॅम क्षारात जेमतेम ०.६२ ग्रॅम ॲल्युमिना. सुमारे तीस घन सेंटीमीटर जेलमध्ये बाकी सगळा द्रवच. तो आता बदलायचा आहे.

या टप्प्याला विद्यार्थी कंटाळतात आणि नमुने इथेच बिघडतात. जेल त्याच्या पाच ते दहापट अल्कोहोलात बुडवून ठेवायचं आणि रोज अल्कोहोल बदलायचं. किती दिवस, हे जाडीवर अवलंबून आहे, आणि तेही वर्गाच्या प्रमाणात: जाडी दुप्पट तर वेळ चौपट. बोटाएवढ्या दंडगोलाला तीन-चार दिवस लागत असतील तर मनगटाएवढ्याला पंधरवडाही पुरणार नाही. पाणी संपलं का हे पाहायला पांढरं निर्जल मोरचूद चांगलं. बाहेर काढलेल्या अल्कोहोलात चिमूटभर टाका. निळं झालं तर पाणी अजून आहे. क्लोराइडसाठी सिल्व्हर नायट्रेटची दुधाळ चाचणी करतात, पण तिच्यावर पूर्ण भरवसा ठेवू नका. ती फक्त आयनरूप क्लोराइड दाखवते. क्लोरोप्रोपॅनॉलमध्ये अडकलेला क्लोरीन तिला दिसत नाही, आणि नेमका तोच पुढे भट्टीत सुटून उत्प्रेरकाला मारक ठरू शकतो. त्यामुळे चाचणी स्वच्छ आली तरी आणखी दोन बदल करा. हे धुवण सिंकमध्ये ओतायचं नाही, हॅलोजनयुक्त कचऱ्याच्या कॅनमध्ये जमा करायचं.

वाळवण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, अतिक्रांतिक, म्हणजे किस्लर यांचाच. अल्कोहोललाच क्रांतिक बिंदूपलीकडे न्यायचं तर २४० अंशांच्या आसपास तापमान आणि साठ वायुदाबांहून अधिक दाब लागतो. स्वीडनमधल्या शोबू गावी १९८४ मध्ये अशाच संयंत्रातून मेथनॉल गळून मोठा स्फोट झाला होता. महाविद्यालयात हा मार्ग विचारातही घेऊ नये. कार्बन डायऑक्साइड मात्र ३१ अंश आणि ७४ बारला क्रांतिक होतो, पेटत नाही, आणि अल्कोहोल त्यात मिसळतं. यंत्र महाग आहे खरं, पण जवळपास चौकशी करा. जीवशास्त्राचे नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी तयार करणाऱ्या विभागांत ‘क्रिटिकल पॉइंट ड्रायर’ असतो, आणि वर्षातले कितीतरी दिवस तो झाकून ठेवलेला असतो. कक्ष लहान असला तरी चार-पाच दंडगोल मावतात. सिलिंडर मात्र तळाशी नळी गेलेला, म्हणजे द्रवरूप वायू देणारा मागवा. साधा सिलिंडर नुसता वायू देतो आणि दिवस फुकट जातो. १०-१५ अंशांवर द्रव कार्बन डायऑक्साइडनं अल्कोहोल पुन्हा पुन्हा धुऊन काढा, मग ४० अंशांपर्यंत तापवा आणि दाब सावकाश सोडा. सोडताना तापमान ३१ च्या खाली येऊ द्यायचं नाही. आलं तर आत द्रव बनतो आणि आठवडाभराचं काम शेवटच्या दहा मिनिटांत आखडतं.

दुसरा मार्ग गोठवून वाळवण्याचा, आणि आपल्या महाविद्यालयांना तोच जास्त परवडतो. औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांत लायोफिलायझर असतो. त्यात पाण्यासकट जेल घालू नका. बर्फाचे स्फटिक वाढताना जाळं बाजूला ढकलतात आणि हाती येतात कागदासारखे थर. त्याऐवजी अल्कोहोल काढून टर्शरी ब्युटॅनॉल भरा. तो २५ अंशांच्या आसपासच गोठतो आणि गोठताना आकारमान फार बदलत नाही. अट एकच: आधीचं इथेनॉल पूर्ण निघालं पाहिजे. थोडंही राहिलं तर गोठणबिंदू खाली घसरतो आणि निर्वातात नमुना वितळून फेसाळतो. यंत्र दुसऱ्या विभागाचं असेल तर ब्युटॅनॉल वापरणार हे आधीच सांगा, कारण वाफ थंड सापळ्यातून निसटून पंपाच्या तेलात गेली तर पुढच्या वेळी दार उघडणार नाही.

तिसरा मार्ग साध्या दाबाखाली वाळवण्याचा. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या एअर ग्लास प्रयोगशाळेनं, ए. वेंकटेश्वर राव यांच्या मार्गदर्शनाखाली, सिलिका एरोजेलांवर या दिशेनं मोठं काम केलं आहे. छिद्रांच्या भिंतींवरचे हायड्रॉक्सिल गट ट्रायमिथाइलक्लोरोसिलेनसारख्या रसायनानं झाकायचे, म्हणजे भिंती जवळ आल्या तरी चिकटत नाहीत आणि द्रव गेल्यावर पुन्हा फाकतात. पाणी झटकणारं, उष्णतारोधक सिलिका हवं असेल तर हा मार्ग अप्रतिम. ॲल्युमिनाच्या उत्प्रेरकासाठी मी तो सुचवणार नाही. ज्या जागा झाकल्या त्याच तर कामाच्या होत्या, आणि भाजल्यावर तिथे सिलिकाचा थर उरतो.

भाजणी ५०० अंशांना, मिनिटाला एक अंश या गतीनं. छिद्रांत सेंद्रिय अवशेष असतातच. भट्टीत हवा खेळती ठेवा आणि अल्कोहोलचा वास येणारा नमुना थेट आत ढकलू नका. बाहेर येताना करडा दिसला तर आत कार्बन आहे, आणखी काही तास द्या. बोहेमाइटचं या तापमानाला गॅमा ॲल्युमिना होतं. हजार-अकराशे अंशांपुढे त्याचं अल्फा ॲल्युमिना होऊ लागतं आणि शेकड्यांतलं पृष्ठफळ एकेरी आकड्यावर येतं. तुमची अभिक्रिया त्या तापमानाची असेल तर थोडं लँथॅनम घालून स्थैर्य वाढवता येतं, पण ते जेल करतानाच घालावं लागतं.

धातू चढवण्याचंही तसंच. तयार एरोजेलवर निकेल नायट्रेटचं जलीय द्रावण ओतलं की पाणी छिद्रांत शिरलं आणि वाळताना सगळं मुसळ केरात. निकेल जेलमध्येच घालणं बरं, पण द्विसंयुजी निकेल ॲल्युमिनियमपेक्षा संथपणे जाळ्यात शिरतं. धुताना अल्कोहोल हिरवट दिसलं तर समजा की तुमचं निकेल बाटलीत चाललं आहे. म्हणून प्रबंधात तोलून घातलेला टक्का लिहू नका. भाजलेल्या नमुन्यात अणुशोषण किंवा आयसीपीनं मोजलेला लिहा. नायट्रेट आणि सेंद्रिय अवशेष भट्टीत एकत्र तापले की भडका होऊ शकतो, त्यामुळे मात्रा लहान ठेवा. शिवाय ॲल्युमिनामध्ये इतकं जवळून मिसळलेलं निकेल सहजासहजी धातुरूपात येत नाही. त्याचं निळसर ॲल्युमिनेट होतं आणि हायड्रोजनमध्ये त्याचं क्षपण व्हायला ८०० अंशांच्या आसपास जावं लागतं. ४०० अंशांवर क्षपण करून ‘उत्प्रेरक निष्क्रिय’ असा निष्कर्ष काढणारे बरेच असतात.

मोजमापात एक पडताळा न चुकता करा. दंडगोलाची लांबी आणि व्यास कॅलिपरनं मोजून, वजन भागून घनता काढा. बाजू २० टक्के आखडली तर आकारमान जवळजवळ निम्मं होतं, तेव्हा वाळवण्याआधीचा व्यासही लिहून ठेवलेला हवा. समजा घनता ०.०५ आली. गॅमा ॲल्युमिनाच्या सांगाड्याची घनता ३.६ धरली तर ग्रॅममागे १९.७ घन सेंटीमीटर पोकळी असलीच पाहिजे. आता नायट्रोजन वापरून पृष्ठफळ आणि छिद्रं मोजणाऱ्या बीईटी यंत्राचा कागद पाहा. तिथे दोन-चार घन सेंटीमीटर लिहिलेले असतील. यंत्र बिघडलेलं नाही. उणे १९६ अंशांवर नायट्रोजन साधारण पन्नास-शंभर नॅनोमीटरपर्यंतची छिद्रं भरतो. त्याहून मोठी त्याला दिसत नाहीत, आणि लवचीक जाळं भरताना थोडं दबतंही. पाऱ्याच्या पोरोसिमीटरकडे जाऊन उपयोग नाही. तिथे पारा आत शिरण्याआधी नमुनाच चेपला जातो. दोन्ही आकडे शेजारीशेजारी द्या आणि फरक समजावून सांगा. तोंडी परीक्षेत हाच प्रश्न येतो. बीईटीला नमुना देताना निर्वात अगदी सावकाश लावायला सांगा, नाहीतर भुकटी उडून थेट यंत्राच्या झडपांत जाते.

हे उडण्याचं प्रकरण अभिक्रियेच्या नळीतही पुढे येतं. वायू खालून वर सोडला तर उत्प्रेरक त्याच्याबरोबर निघून जातो. वरून खाली सोडा आणि दोन्ही बाजूंना क्वार्ट्झचा कापूस घट्ट बसवा. एरोजेल उष्णतारोधक असतं, त्यामुळे उष्णता सोडणाऱ्या अभिक्रियेत थराच्या मध्यभागी तापमान भलतंच चढतं आणि थर्मोकपल कडेला असेल तर पत्ताही लागत नाही. सिलिकॉन कार्बाइडची बारीक खडी मिसळा, थर्मोकपल मध्यावर आणा. भुकटी हलक्या दाबानं चेपून, फोडून, चाळून घेतली तर उडणं थांबतं. मात्र चेपल्यावर घनता आणि पृष्ठफळ पुन्हा मोजा, कारण आता नळीत आहे तो नमुना वेगळा आहे. काही तासांची फेरी झाली की खालचा कापूस काढून तोला. त्याचं वजन वाढलेलं निघालं तर रूपांतरणाचा घसरलेला आलेख उत्प्रेरकाच्या थकण्याचा नसून गळतीचा आहे.